भावाचं एज्युकेशन लोन थकलं आणि मामाचं सिबिल गेलं, आता काय करायचं? (बडोदा)

सुरसागर_काठची
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांब झाला तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावानं २०१४ ला मेकॅनिकलला अ‍ॅडमिशन घेतली, वाघोडिया रोडकडचं एक खासगी कॉलेज. चार वर्षांचे मिळून सहा लाखांचं लोन एका सरकारी बँकेतून घेतलं, साडेदहा टक्क्यांनी. बाबा को-बॉरोअर, म्हणजे सहकर्जदार. आणि चार लाखांच्या वर म्हणून बँकेनं तिऱ्हाईत जामीन मागितला तर कारेलीबागचा मामा बिचारा एका फोनवर आला, सही केली, चहा पिऊन गेला. त्या सहीबद्दल मधली दहा-अकरा वर्षं कुणी एक शब्द काढला नाही.

२०१९ ला हप्ते सुरू झाले तेव्हा आम्हाला वाटत होतं सहा लाखांचे हप्ते येतील, आठेक हजार. आले अकरा हजार एकाहत्तर. भावाला मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) चौदा हजार पगार. त्यानं आठ महिने भरले, मग लॉकडाऊन, मग परत तीन हप्ते, आणि मग कंपनी बंद. त्यानंतर त्यानं भरले नाहीत आणि घरी सांगितलंही नाही. पत्रं आमच्या दांडिया बाजारच्या जुन्या घरी जात राहिली जे आम्ही २०१८ लाच सोडलं.

आता गेल्या महिन्यात मामानं त्याच्या मुलीसाठी, म्हंजे माझ्या मामेबहिणीसाठी, एज्युकेशन लोनला अर्ज केला आणि बँकेनं तोंडावर सांगितलं तुमचं सिबिल (कर्जफेडीचा रेकॉर्ड) खराब आहे, तुम्ही एका एनपीए, म्हणजे थकीत, खात्याचे गॅरंटर आहात. मामा घरी आला, काही बोलला नाही, नुसता बसून राहिला. आईनं पोहे केले ते तसेच ठेवून गेला.

बाबा शाखेत गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, खातुं तो क्यारनुं एनपीए थई गयुं छे." स्टेटमेंटमध्ये बाकी आठ लाखांच्या आसपास आहे आणि नोटिशीत तेरा लाखांच्या वर! कोणता आकडा खरा? सरकारची यात काही पॉलिसी आहे की नाही? जेल वगैरे होऊ शकते का? आणि मामेबहिणीचं लोन आता अडकलंच का?

निवृत्त_लेजर
ताई, मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच लोनच्या टेबलावर. आधी एक सांगतो, दोन्ही आकडे खरे आहेत. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं, आणि एनपीए झालं की बँकेला त्या खात्याचं व्याज उत्पन्न म्हणून धरता येत नाही. त्यामुळे लेजरला, म्हणजे बँकेच्या खातेवहीत, व्याज चढायचं थांबतं, पण ते बाजूला मोजलं जात असतं, त्याला आम्ही अनअप्लाइड इंटरेस्ट म्हणायचो. स्टेटमेंटला आठ दिसतात ते लेजर, नोटिशीत तेरा आहेत ते बाजूचं सगळं धरून. सेटलमेंटची बोलणी करायला बसाल तेव्हा हा फरक लक्षात ठेवा, बोलणी कुठल्या आकड्यावरून सुरू होतात यावर सगळं आहे.

आता सहा लाखांचा हप्ता अकरा हजार कसा आला ते. हे मी शेकडो पालकांना समजावलंय आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस पासबुक उलटं धरल्यासारखा बघतो. कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज असतं, सरळव्याज. दर वर्षी दीड लाख उचलले असतील तर पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. साडेदहा टक्क्यांनी ते होतं दोन लाख वीस हजार पाचशे. ते मुद्दलात मिळवलं की आठ लाख वीस हजार, आणि दहा वर्षांचा हप्ता बरोब्बर अकरा हजार एकाहत्तर. फसवणूक नाही, कागदावर होतं, पण सांगत कुणी नाही. कोर्स चालू असताना नुसतं व्याज भरत राहिलात तर दरात एक टक्का सूट मिळते हे पण बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या मॉडेल स्कीममध्ये होतं, ते तर अजिबात सांगत नाहीत.

सुरसागर_काठची
काका, बाबांनी तुमची पोस्ट दोनदा वाचून घेतली आणि वहीत आकडे मांडून बघितले. जुळले. म्हणाले हे त्या दिवशी सांगितलं असतं तर मी महिन्याला हजार-दीड हजार भरलेच असते, तेव्हा नोकरी होती.

सयाजीगंज_एक्सप्रेस
हे सगळं ठीक आहे पण मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. मोठमोठ्या उद्योगपतींची कर्जं राइट ऑफ होतात आणि चौदा हजार पगारवाल्या पोराच्या मामाच्या मागे बँक लागते. सरळ सगळी शैक्षणिक कर्जं माफ करा ना!! शेतकऱ्यांची होतात तर विद्यार्थ्यांची का नाही

निवृत्त_लेजर
राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे हो भाऊ. बँकेनं पुस्तकातून काढलं तरी वसुली चालूच राहते, उद्या ताईंच्या भावाचं खातंही राइट ऑफ होईल आणि तरीही फोन येतीलच. चीड समजते, मलाही यायची. पण शब्द एक धरून दुसऱ्यावर भांडू नये.

माफीचं म्हणाल तर केरळ सरकारनं २०१७ मध्ये ९०० कोटींची योजना काढली होती, नऊ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जांसाठी, त्यात थकलेल्या खात्यांत काही वाटा सरकार भरणार आणि बाकीचा विद्यार्थी. म्हणजे राज्यानं मनावर घेतलं तर मार्ग निघतो. आपल्याकडे मोरेटोरियममधल्या, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीच्या काळातल्या, व्याजावर सबसिडी आहे, एकदा खातं थकलं की मग त्याला काही नाही.

जुना_बडोदेकर
बडोद्यात हा विषय निघाला की मला कमाटी बाग आठवते. १९१३ ला सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्याबदल्यात करार, परत आल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी. १९१७ ला ते करार पाळायला आले सुद्धा. आणि या आपल्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन बाहेर काढलं, शेवटी बागेत झाडाखाली बसले, तीच आजची संकल्पभूमी. कर्ज घेणाऱ्यानं बाँड पाळायचा हे सगळ्यांना पाठ असतं, पण त्याला बाँड पाळता येईल अशी जागा द्यायची जबाबदारी कुणाची ते कुठल्याच करारात लिहिलेलं नसतं. मकरपुऱ्यात इंजिनिअरला चौदा हजार देतात आणि हप्ता अकरा हजार, यातच आलं सगळं.

सयाजीगंज_एक्सप्रेस
काका तुम्ही प्रत्येक धाग्यात सयाजीराव आणता 😄 पण हे बरोबर बोललात

वकीलबुवा
कोर्टातला माणूस म्हणून थोडं. जेल नाही. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. दोन ठिकाणी फौजदारी शिरते: बँकेला दिलेला चेक बाउन्स झाला तर कलम १३८, आणि खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगी दिलेली असेल आणि ती पैसे नसल्यामुळे परत गेली तर पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचं कलम २५. म्हणून खात्यात पैसे नसतील तर आधीच बँकेला लेखी कळवा, नुसतं बाउन्स होऊ देऊ नका.

तुमचं कर्ज वीस लाखांच्या आत म्हणून डीआरटीत (बँकांच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाऊ शकत नाही, बँकेला दिवाणी कोर्टात दावा लावावा लागेल. आणि सरफेसी कायदा, ज्याखाली बँक तारण ताब्यात घेऊ शकते, तो तारण असेल तर लागतो, तुमच्याकडे तारण नाही, नुसता जामीन आहे.

आता जामीनाचं. लोकांना वाटतं आधी कर्जदाराकडून वसूल करतील, नाही झालं तर जामीनदाराकडे येतील. तसं नाहीये. काँट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच, बँक थेट मामांच्या दारात जाऊ शकते. चहा पिऊन केलेली सही पण सहीच असते.

फतेहगंजवाला
ताई माझं ऐका, लिमिटेशन, म्हणजे दावा लावायची मुदत, तीन वर्षांचं असतं. शेवटचा हप्ता २०२० चा, बँकेनं दावा केला नसेल तर केस मेली. एक रुपया भरू नका, काही सही करू नका, गप्प बसा. माझ्या मित्रानं असंच केलं

वकीलबुवा
अर्धवट सल्ला आहे हा. मुदत गेली तर बँकेचा दावा पडू शकतो, कर्ज पडत नाही. सिबिलवर ते तसंच राहतं, आणि इथे ताईंची अडचण कोर्ट नाहीये, मामांचं सिबिल आहे. तुमच्या मित्राच्या गॅरंटरला विचारलंत का तो खूश आहे का?

पण एक भाग खरा आहे. मुदत संपायच्या आत कर्ज लेखी कबूल केलं किंवा त्यात काही भरलं तर मुदत परत नव्यानं सुरू होते. आणि मुदत गेल्यावर लेखी आश्वासन दिलंत, "मी भरीन" असं, तर तो नवीन करार धरला जातो. म्हणून बँकेत कुठल्याही छापील फॉर्मवर सही करण्याआधी तो कागद घरी आणा, कुणा जाणकाराला दाखवा. भरायचं तर ठरवून भरा.

मांजलपूरची_आई
मी गेले दोन दिवस हा धागा वाचतेय आणि रात्री झोप नाही. माझा मुलगा कॅनडात, कॉलेज डिप्लोमा केला, तीस लाखांचं लोन, घर तारण. हप्ता एक्केचाळीस हजार. तो तिकडे वेअरहाउसमध्ये नाइट शिफ्ट करतो आणि पाठवतो, गेल्या दोन महिन्यांत अर्धेच पाठवले कारण शिफ्ट कमी झाल्या. तिकडचे वर्क परमिटचे नियम पण २०२४ मध्ये बदलले, कोणता कोर्स चालतो कोणता नाही ते सगळं. हे म्हणतात बघू पुढच्या महिन्यात. काल रात्री साडेनऊला कुणाचा तरी फोन आला, नीट बोलला नाही, आणि आज माझ्या नणंदेला पण फोन गेला म्हणे. लाज वाटते हो. मी काय करू?

निवृत्त_लेजर
वहिनी, आधी दोन गोष्टी. रात्री साडेनऊला फोन करायचा त्यांना अधिकार नाही. रिझर्व्ह बँकेचं २०२२ चं परिपत्रक आहे, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर वसुलीसाठी फोन नाही, आणि नातेवाइकांना गाठून बदनामी करणं तर नाहीच. तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा आणि बँकेला लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ते फुकट आहे, माहितीसाठी १४४४८.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्ही अजून नव्वद दिवसांच्या आत आहात. तुमचं घर तारण आहे, म्हणजे ताईंपेक्षा तुमची अडचण वेगळी. एनपीए झालं की बँक सरफेसीखाली साठ दिवसांची नोटीस काढू शकते आणि मग घराचा प्रश्न येतो. यांना सांगा "बघू पुढच्या महिन्यात" हे वाक्य घरात बंद करा. सोमवारी शाखेत जा, मुलाच्या पगाराच्या स्लिपा मोबाइलवर का होईना घेऊन जा, आणि लेखी अर्ज द्या, हप्ता कमी करून मुदत वाढवा म्हणून. सरकारी बँका ज्या मॉडेल स्कीमवर चालतात त्यात २०१५ पासून परतफेड पंधरा वर्षांपर्यंत आहे, आणि नोकरी नसेल किंवा पगार अपुरा असेल तर कर्जाच्या काळात दोन-तीन वेळा थांबायची सवलत द्यायचा पर्याय सुद्धा आहे. सुरुवातीला हप्ता कमी नंतर जास्त हाही प्रकार आहे. मॅनेजर आपणहून देणार नाही, मागावं लागतं, आणि खातं एनपीए होण्याआधी मागावं लागतं. नंतर मागितलं की आमचेही हात बांधलेले असायचे.

मांजलपूरची_आई
सोमवारी जाते. यांना घेऊनच.

परीक्षार्थी_९८
थोडं ऑफ टॉपिक पण सगळ्यांना कामाचं. मी बँकेच्या परीक्षांची तयारी करतोय, चार वर्षं झाली 🙈 स्टेट बँकेच्या जाहिरातीत सरळ लिहिलेलं असतं की कर्ज किंवा क्रेडिट कार्ड थकवल्याचा रेकॉर्ड असेल तर उमेदवार अपात्र. एकाची निवड झाली होती, सिबिलवरून नेमणूक रद्द केली, तो कोर्टात गेला आणि २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टानं बँकेच्याच बाजूनं निकाल दिला. म्हणजे बघा, नोकरी नाही म्हणून हप्ता थकला आणि हप्ता थकला म्हणून नोकरी नाही. माझं स्वतःचं तीन लाखांचं आहे, ट्यूशन घेऊन भरतोय, एक हप्ता चुकला तर सगळा अभ्यास पाण्यात.

सयाजीगंज_एक्सप्रेस
हे भारी आहे. याला पॉलिसी म्हणतात??

निवृत्त_लेजर
दंडाच्या बाबतीत मात्र एक चांगला बदल झालाय तो सांगतो. आधी थकलेल्या रकमेवर दोन टक्के दंडव्याज लावायचे आणि ते मुद्दलात मिसळून त्यावर परत व्याज. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२३ मध्ये हे बंद केलं, आता दंड हा व्याज म्हणून नाही तर वेगळा आकार म्हणून लावायचा, आणि त्यावर व्याज चढवायचं नाही. नवीन कर्जांना एप्रिल २०२४ पासून, जुन्यांना त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत. ताई, तुमच्या तेरा लाखांचा हिशोब लेखी मागा, त्यात जून २०२४ नंतर दंडव्याज दिसलं तर बोट ठेवा.

आणि मामांच्या मुलीचं. तिथं मामांना को-बॉरोअर म्हणून पुढे करू नका, मामी कमावत असतील तर त्यांच्या नावानं जा.

सुरसागर_काठची
मामी शाळेत शिक्षिका आहे!! हे आमच्या डोक्यातच आलं नाही.

वकीलबुवा
शिवाय केरळ हायकोर्टाचा २०२३ चा निकाल आहे की विद्यार्थ्याचा सिबिल कमी म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारता येत नाही. गुजरातेत तो बंधनकारक नाही आणि तुमच्या केसमध्ये सिबिल मामांचं आहे, पण अर्ज नाकारला तर लेखी कारण मागा आणि अर्जात या निकालाचा उल्लेख करा. तोंडी "नाही होणार" ऐकून घरी येऊ नका.

निवृत्त_लेजर
आणि आता तिऱ्हाईत जामीन लागतही नाही. सप्टेंबर २०१५ पासून साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारचा गॅरंटी फंड आहे, पंचाहत्तर टक्के हमी, तिऱ्हाईत जामीनही नाही आणि तारणही नाही. तुमच्या भावानं एक वर्ष उशिरा अ‍ॅडमिशन घेतली असती तर मामांची सहीच लागली नसती. मुलीचं कॉलेज नव्या विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत आहे का ते पण बघा, नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झाली, तेव्हा ८६० संस्था होत्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर दहा लाखांच्या कर्जावर मोरेटोरियममध्ये तीन टक्के व्याज सरकार भरतं. तुमच्या वेळी उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख होती ना?

सुरसागर_काठची
हो. बाबांचं चाळीस हजारांनी जास्त भरलं होतं. ओव्हरटाइमचे.

सुरसागर_काठची
(तीन आठवड्यांनी)
अपडेट द्यायला उशीर झाला, माफ करा.

भावाला समोर बसवलं. आधी चिडला, मग रडला. म्हणाला पहिल्या तीन महिन्यांत सांगितलं असतं तर तुम्ही भरलं असतं आणि मला तेच नको होतं. आता हालोलला आहे, बावीस हजार मिळतात. मग तो, बाबा आणि मी शाखेत गेलो. नवीन मॅनेजर बाई आहेत, नीट बोलल्या. दोन रस्ते सांगितले. एक, सगळी थकबाकी एकदम भरून खातं चालू करायचं, कारण एक-दोन हप्ते भरून एनपीए निघत नाही, मुद्दल-व्याजाची सगळी थकबाकी शून्य व्हावी लागते. ते आम्हाला जमणारं नाही. दुसरा, एकरकमी तडजोड. बोलणी लेजरच्या आकड्यावरून सुरू झाली, काका तुमच्यामुळे मला नेमकं विचारता आलं, बाई जरा बघतच राहिल्या.

साडेसात लाखांवर आलंय. पाव भाग आत्ता, बाकी हप्त्यांत वर्षाच्या आत. बाबा एफडी मोडतायत, काही मी घालतेय, भाऊ महिन्याला दहा हजार. प्रश्न एवढाच की सिबिलवर "सेटल्ड" येणार की "क्लोज्ड"?

निवृत्त_लेजर
"सेटल्ड" येईल, आणि तो शेरा बरीच वर्षं राहतो. "क्लोज्ड" हवं असेल तर पूर्ण भरावं लागतं, ते तुम्हाला झेपणार नाही, तेव्हा त्याचा नाद सोडा. पण एक करा. तडजोडीच्या पत्रात जामीनदाराची मुक्तता असं स्पष्ट लिहून घ्या, मामांच्या नावासकट. आणि शेवटचा हप्ता भरल्या दिवशी नो ड्यूज सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. त्यानंतर महिन्याभरात मामांचा रिपोर्ट काढून बघा, नाही बदलला तर तक्रार टाका, तीस दिवसांच्या वर गेलं तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे.

वकीलबुवा
जमलं तर हे लोक अदालतीत करून घ्या, दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणजे उद्या मॅनेजर बदलला आणि म्हणाला आधीच्या बाईंनी काय सांगितलं मला माहीत नाही, तर कागद तुमच्या हातात.

मांजलपूरची_आई
आमचा हप्ता एकतीस हजारांवर आला, मुदत वाढवून. यांनीच अर्ज लिहिला शेवटी. फोन बंद झालेत. सगळ्यांचे आभार.

सुरसागर_काठची
वहिनी, खूप बरं वाटलं वाचून.

आमचं पत्र परवा येईल. मामेबहिणीचा अर्ज मामीच्या नावानं गेलाय, अजून उत्तर नाही. काल संध्याकाळी बाबा आणि भाऊ कारेलीबागला जाऊन आले, पत्राचा मसुदा मामाला दाखवायला. मामानं चष्मा लावून पूर्ण वाचला, स्वतःचं नाव आलं तिथे बोट ठेवून परत वाचला, आणि मग भावाला विचारलं, हालोलची बस कितीला असते रे तुझी.

जुना_बडोदेकर
पोहे खाल्ले का मामांनी?

सुरसागर_काठची
त्यांच्याकडे होतो, मामीनं शेव उसळ मागवली होती. खाल्ली.